जागलीसाठी नाईट व्हिजन: दुर्बीण रात्री नीट कशी लावायची

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की परभणी-हिंगोलीकडच्या आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवर, जागल सुरू होते: रात्रभर जागून जनावरांपासून पिकाची राखण. मग तूर, मग हरभऱ्याचे घाटे, ज्वारीचा हुरडा, उन्हाळी भुईमूग. ऊस असेल तर वर्षभर. पूर्वी बॅटरी (टॉर्च), पत्र्याचा डबा, फटाके आणि मोठ्याने दिलेली हाळी एवढ्यावर काम चालायचं. आता बऱ्याच गावांत कुणा ना कुणाकडे नाईट व्हिजन दुर्बीण असते. कुणी ऑनलाइन मागवलेली, कुणाला पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाने आणून दिलेली. आणि थोड्याच दिवसांत तक्रार ऐकू येते की धूसर दिसतं, पैसे पाण्यात गेले.

बहुतेक वेळा दुर्बिणीत दोष नसतो. डब्यातून काढली तशीच ती वापरली जाते, एवढंच. कॅमेऱ्याला ते चालेल, दुर्बिणीला चालत नाही: वापरणाऱ्याच्या डोळ्याला, शेताच्या अंतराला आणि त्या रात्रीच्या हवेला ती जुळवून घ्यावी लागते.

अंधारात काहीतरी हललं, एवढं स्वस्तातली दुर्बीणही दाखवते. हललेलं ते रानडुक्कर आहे, शेजाऱ्याचं सुटलेलं वासरू आहे की उसाला पाणी द्यायला आलेला माणूस आहे, हे सांगता येणं ही खरी गरज. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं त्या ओळखण्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बाजारात मिळणाऱ्या अशा बऱ्याच वस्तू मुळात बंदुकीवर बसवायच्या स्कोप म्हणून बनतात, कारण अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यांत खासगी जमिनीवर रात्री रानटी डुकरांची शिकार कायदेशीर आहे. त्यामुळे माहितीपुस्तिकेत नेम जुळवण्याची पानंच्या पानं असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर, रोही (नीलगाय), काळवीट, बिबट्या हे सगळे त्या संरक्षणात येतात. पिकाचं नुकसान होतं म्हणून कुणीही आपल्या मनाने जनावर मारू शकत नाही. तशी परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यालाच आहे. म्हणून इथे फक्त हातात धरायच्या किंवा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) लावायच्या दुर्बिणीबद्दल लिहितो आहे. पडद्यावर नेमाची फुली येत असेल तर मेनूत जाऊन ती बंद करा. बघायला तिचा उपयोग नाही, उलट मधोमध आडवी येते.

हातात काय आहे ते ओळखा

तीन प्रकार असतात आणि तिघांची लावणी वेगळी.

पहिला नळीचा. यात समोरून येणारा तुटपुंजा उजेड एका नळीत वाढवला जातो आणि हिरव्या किंवा पांढुरक्या पडद्यावर चित्र दिसतं. ही नळी उजेडाला नाजूक असते. दिवसा टोपण काढून चालू केली तर कायमची खराब होऊ शकते. दिवसा तपासायचीच असेल तर टोपणातल्या बारीक छिद्रातूनच.

दुसरा डिजिटल. आपल्याकडे सर्वाधिक हाच दिसतो. आत कॅमेऱ्यासारखा सेन्सर, डोळ्यापाशी छोटा पडदा, आणि पुढे डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकणारा इन्फ्रारेड दिवा. दिवसा वापरला तरी बिघडत नाही.

तिसरा थर्मल. याला उजेड लागतच नाही. अंगाची आणि आजूबाजूच्या वस्तूंची उष्णता यांतला फरक तो दाखवतो. किंमत जास्त, आणि वागणूक अगदीच निराळी, म्हणून त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

दिवसाचं काम: शेत मोजून घ्या

रात्री अंतराचा अंदाज फसतो. दुर्बिणीतून पाहताना तर आणखी फसतो, कारण सगळं एकाच सपाट पडद्यावर येतं. म्हणून उजेडात एकदा शेत मोजून ठेवा.

त्यासाठी टेपही लागत नाही. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे साधारण १० मीटर. तेवढी सुतळी कापा. माळ्यापासून, म्हणजे राखणीच्या मचाणापासून, निघून पाच सुतळ्या झाल्या की ५० मीटर. तिथे एक काठी रोवून तिला खताच्या पांढऱ्या गोणीची पट्टी बांधा. तशीच १००, १५० आणि जागा असेल तर २०० मीटरवर. विजेचे खांब, बाभळ, विहिरीवरची मोटरपेटी यांचीही अंतरं लक्षात ठेवा.

यातून दुसरी गोष्टही कळते: तुम्हाला किती लांबचं बघायची गरज आहे. पाच एकरांचा चौरस तुकडा घेतला तर त्याची एक बाजू साधारण १४२ मीटर होते आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २०० मीटर. आखाडा मध्यावर असेल तर शेताचं सर्वात लांबचं टोक १०० मीटरवर. जाहिरातीत लिहिलेला एक किलोमीटरचा पल्ला आपल्या कामाचाच नाही. शिवाय तो पल्ला काहीतरी आहे एवढं दिसण्याचा असतो. ओळखण्याचा पल्ला त्याच्या कितीतरी आत संपतो. दुकानदाराला विचारायचंच असेल तर हे विचारा: १०० मीटरवर कुत्रं आणि डुक्कर वेगळं सांगता येईल का?

पहिली पायरी: डोळ्याकडची कडी

दुर्बिणीला दोन फोकस असतात आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच निम्मा धूसरपणा येतो. डोळ्याकडची कडी, म्हणजे डायऑप्टर, ही तुमचा डोळा आणि आतला पडदा यांची जुळणी करते. पुढच्या भिंगाची कडी समोरचं शेत स्पष्ट करते. क्रम चुकवायचा नाही. आधी डोळ्याची, मग शेताची.

पुढचं टोपण लावूनच ठेवा आणि दुर्बीण चालू करा. पडद्यावर बॅटरीची खूण किंवा मेनूची अक्षरं दिसतील. आता डायऑप्टरची कडी अधिकच्या बाजूला, म्हणजे प्लसकडे, टोकापर्यंत फिरवा. अक्षरं फुटतील. मग हळूहळू उलट आणा आणि अक्षरांच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ दिसल्या की तिथेच थांबा. त्यापुढे नेऊ नका. पुढे नेलं तरी तरुण डोळा ताण देऊन स्पष्ट पाहतोच, पण तासाभरात कपाळ दुखायला लागतं आणि दोष दुर्बिणीवर येतो.

ही जागा सापडली की कडीवर आणि अंगावर समोरासमोर नेलपॉलिशचे दोन ठिपके द्या. घरात दोघे-तिघे आळीपाळीने जागलीला जात असतील तर प्रत्येकाचा रंग वेगळा. वडिलांचा डोळा आणि मुलाचा डोळा एका जागेवर जुळत नाही.

चष्मा असणाऱ्यांनी एवढं बघा: नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर तो या कडीने भरून निघतो, चष्मा काढून बघितलं तरी चालतं. तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर असेल तर कडीने तो जात नाही. मग चष्मा घालूनच बघा आणि डोळ्याकडचं रबर दुमडता येत असेल तर दुमडा.

दुसरी पायरी: पुढच्या भिंगाचा फोकस, आणि तोही रात्रीच

दुपारी फोकस लावून ठेवला आणि रात्री सगळं धूसर झालं, असं डिजिटल दुर्बिणीत हमखास होतं. कारण साधं आहे. भिंग दिसणारा उजेड आणि इन्फ्रारेड उजेड एकाच जागी गोळा करत नाही. त्यामुळे दिवसाची खूण रात्री दिवा लावल्यावर थोडी सरकते. फोकस अंधार पडल्यावर, इन्फ्रारेड चालू करून, परत लावायचा.

त्यासाठी समोर धारदार कडा असलेली वस्तू हवी. गोणीची पांढरी पट्टी, खांबावरच्या चिनी मातीच्या चिमण्या, पत्र्याच्या शेडची कड. झाडाचा शेंडा किंवा पीक घेऊ नका, वाऱ्याने हलतं आणि मन कधीच समाधान पावत नाही. कडी एकदा स्पष्टतेच्या पुढे न्या, मग मागे आणा, आणि दोन्हींच्या मध्ये थांबा.

रात्रीच्या भिंगांचं तोंड मोठं असतं, त्यामुळे फोकसची पट्टी अरुंद राहते. ५० मीटरवर स्पष्ट लावलं तर १५० मीटरवरचं मऊ दिसतं. त्यावर सोय अशी: जनावर जिथून शिरतं ती वाट ठाऊक असते. ओढ्याची कड, कुंपणातली फट, उसाचा कोपरा. त्या अंतरावर फोकस लावून ठेवा. बाकीकडे नजर फिरवताना थोडं मऊ दिसलं तरी हालचाल कळते, आणि कळली की कडी अर्धा-पाव फिरवायची. अंधारात बोटाला जागा सापडावी म्हणून कडीवर ५० आणि १५० मीटरच्या ठिकाणी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावा.

झूमला हात लावू नका, असं मी सगळ्यांना सांगतो. डिजिटल झूम नवीन काही दाखवत नाही, तेच ठिपके मोठे करतो. दुर्बीण तिच्या मूळ ताकदीवर ठेवा. ओळख पटवायला क्षणभर दुप्पट करा आणि लगेच परत या, नाहीतर दुसऱ्या बाजूने अख्खा कळप आत येईल आणि पत्ता लागणार नाही.

तिसरी पायरी: इन्फ्रारेड दिवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. दुर्बीण चालू केली की दिवा पूर्ण ताकदीवर, अशी सवय असते. त्याने उलट होतं.

काळ्या रानात उभं पीक असलं की काय होतं ते समजून घ्या. हिरवी पानं इन्फ्रारेड उजेड जोरात परत फेकतात. म्हणून डोळ्यांना गडद दिसणारी तूर दुर्बिणीत पांढुरकी दिसते. तुम्ही माळ्याखाली, तुरीच्या ओळीत बसून पूर्ण दिवा लावला तर पहिल्या चार-पाच हातांवरची पानं पांढरीफटक होतात, सेन्सर त्यांनाच धरून चित्र गडद करतो, आणि मागचं शेत काळोखात जातं. दिवा वाढवला की आणखी बिघडतं.

उपाय तीन. उंचीवर बसा, म्हणजे झोत पिकाच्या डोक्यावरून जाईल. जवळचं पान, फांदी, माळ्याचा बांबू झोताच्या वाटेत येऊ देऊ नका. आणि दिवा सर्वात खालच्या पायरीपासून वर न्या. ५० मीटरची पट्टी दिसली, मग १००ची दिसली, तिथे थांबा. पट्टी चमकून तिच्या कडा पसरायला लागल्या म्हणजे जास्त झालं.

झोत पसरट किंवा टोकदार करता येत असेल तर शोधताना पसरट, आणि काही सापडलं की टोकदार. टोकदार झोत लांब जातो पण बाजूचं काही दाखवत नाही.

तरंगलांबी दोन प्रकारची मिळते. ८५० नॅनोमीटरचा दिवा समोरून पाहिला तर मंद लाल ठिपका दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण तेवढ्याच ताकदीत त्याचा पल्ला कमी पडतो, कारण सेन्सर त्या उजेडाला कमी दाद देतो. शेतावरच्या कामाला ८५० चांगला, असं माझं मत. आपल्याला लांबचं स्वच्छ दिसणं महत्त्वाचं.

थंडीत धुई उतरली की निराळी अडचण येते. दिवा भिंगाला चिकटूनच असतो, त्यामुळे धुक्याचे कण उजेड सरळ भिंगात परत पाठवतात आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. अशा रात्री दुर्बिणीचा दिवा बंद करा आणि वेगळी इन्फ्रारेड टॉर्च हात-दोन हात बाजूला, माळ्याच्या दुसऱ्या खांबाला बांधा. उजेड बाजूने गेला की परत येणारा पांढरेपणा बराच कमी होतो. मळणीची धूळ आणि रिमझिम पाऊस यांनाही हाच उपाय.

दिवा लागतो की नाही याची खात्री करायची तर भिंतीवर झोत टाका आणि भिंत मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा, बऱ्याच मोबाईलमध्ये जांभळट-पांढरा ठिपका दिसतो. दिव्यात जवळून पाहू नका आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका. हा उजेड दिसत नाही म्हणून डोळ्याची बाहुली आकसत नाही, आणि लेझरचा दिवा असेल तर इजा होऊ शकते.

पडद्याचा उजेड आणि तुमचे डोळे

अंधाराला डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाईलकडे एकदा पाहिलं की ती मेहनत जाते. म्हणून पडद्याची चमक कमीत कमी ठेवा. पहिल्यांदा फारच मंद वाटेल, दहा मिनिटांनी पुरेशी वाटायला लागेल.

दुर्बीण एकाच डोळ्याला लावा आणि दुसरा डोळा अंधारासाठी राखून ठेवा. रात्रभर डोळे बदलत बसलात तर दोन्ही आंधळे. आखाड्यावर उजेड हवाच असेल तर मंद लाल बल्ब लावा.

संवेदनशीलता, म्हणजे गेन, वाढवला की पडद्यावर मुंग्या येतात. मुंग्या दिसायला लागल्या की एक पायरी खाली. अमावास्येच्या आसपास गेनपेक्षा दिव्याची एक पायरी वाढवणं केव्हाही चांगलं. आणि दुर्बीण सावकाश फिरवा. कमी उजेडात डिजिटल सेन्सर चित्र रेंगाळत देतो. भराभर फिरवलं की चालतं जनावर पुसट रेघ होऊन निघून जातं. थोडं फिरवा, थांबा, बघा, मग पुढे.

बसायचं कुठे

रानडुकराची नजर कमजोर, नाक मात्र फार तीक्ष्ण. म्हणजे दुर्बीण कितीही चांगली लावली आणि वारा तुमच्या पाठीवरून त्याच्या वाटेकडे जात असला तर ते कुंपणाच्या बाहेरूनच वळेल आणि दुसऱ्या बाजूने शिरेल. वारा तोंडावर येईल असं बसा. मूठभर कोरडी माती किंवा भुसा सोडला की दिशा कळते. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि हिवाळ्यात पूर्वेकडून असतो, म्हणून खरिपाचा माळा रब्बीला तिथेच ठेवणं बऱ्याचदा चुकीचं ठरतं.

चांदणं असेल तर चंद्र पाठीशी घ्या. समोर आला की भिंगात उजेड पसरतो आणि पोत जातो. पौर्णिमेच्या आगेमागे इन्फ्रारेड बंद करूनही डिजिटल दुर्बिणीत भरपूर दिसतं आणि बॅटरी वाचते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, तेव्हा रात्रीचा पहिला भाग काळोखाचा आणि पुढचा उजेडाचा, असा हिशोब धरून पाळी वाटून घ्या.

धुऱ्याच्या (बांधाच्या) आतल्या बाजूने चार-पाच फुटांची पट्टी वखरून मोकळी ठेवता आली तर तिच्यासारखी मदत नाही. उघडी काळी माती इन्फ्रारेडमध्ये गडद दिसते, आणि त्या गडद पट्टीवरून जाणारं कुठलंही जनावर स्वच्छ उठून येतं. सकाळी त्याच पट्टीवर खुरांचे ठसेही मिळतात.

हात थरथरत असतील तर चित्र कधीच स्पष्ट होणार नाही. तिकाटणं नसेल तर वाळू अर्धी भरलेली पिशवी माळ्याच्या आडव्या बांबूवर टाका आणि तिच्यात दुर्बीण बसवा.

थर्मल असेल तर

डायऑप्टर आणि फोकसचं सगळं वर लिहिल्याप्रमाणेच. दिव्याचा प्रश्न नाही, पण तापमानाचा आहे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसभर तापलेले काळे दगड, बांध आणि विहिरीचं बांधकाम रात्री उशिरापर्यंत गरम असतं. संध्याकाळी थर्मलमध्ये बांधावरचा प्रत्येक धोंडा बसलेल्या जनावरासारखा दिसतो. दगड पुरते निवल्यावर, म्हणजे मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत, चित्र सर्वात चांगलं. सूर्य मावळताना आणि उगवताना काही वेळ जमीन आणि जनावर यांचं तापमान जवळ येतं, तेव्हा कमी दिसलं तर बिघाड समजू नका. पाऊस पडून गेल्यावरही सगळं सारखंच थंड होतं आणि चित्र फिकं पडतं, तेव्हा कॉन्ट्रास्ट वाढवा.

शोधताना गरम पांढरं ही रंगसंगती ठेवा, नजरेत लगेच भरते. ओळखताना गरम काळं करून बघा, अंगाचा आकार आणि पायांची ठेवण त्यात जास्त नैसर्गिक वाटते. इंद्रधनुष्यी रंग दाखवायला छान, कामाला नाहीत.

चित्रावर रेघा किंवा डाग साचले की टोपण लावून कॅलिब्रेशनचं बटण दाबा. आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशनला आत झडप पडते आणि टक असा आवाज होतो. जनावर जवळ असेल तेव्हा ते हाताने करायच्या पर्यायावर ठेवा. काचेतून थर्मल दिसत नाही, म्हणून जीपमध्ये बसून काच वर करून बघू नका.

आता ओळखण्याचा हिशोब. समजा सेन्सरचा ठिपका १२ मायक्रॉनचा आणि भिंग २५ मिलिमीटरचं आहे. तर २०० मीटरवर पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे प्रत्यक्षात साधारण १० सेंटिमीटर. अडीच फूट उंचीच्या रानडुकराला उंचीत सात-आठ ठिपके मिळतात. तेवढ्यात अनुभवी माणूस आकार सांगू शकतो. ४०० मीटरवर तेच चार ठिपके होतात आणि मग ते कुत्रं, वासरू, डुक्कर काहीही असू शकतं. तुमच्या दुर्बिणीचे आकडे डब्यावर असतात. ठिपक्याच्या मायक्रॉनला भिंगाच्या मिलिमीटरने भागा, मीटरमधल्या अंतराने गुणा, उत्तर मिलिमीटरमध्ये येतं, आणि आपला पल्ला स्वतः काढा.

ओळखायचं कशावरून

बॅटरीच्या सवयीने बरेच जण फक्त चमकणारे डोळे शोधतात. रोही, काळवीट, कोल्हा, बिबट्या यांच्या डोळ्यांत मागे चकाकणारा पडदा असतो, म्हणून ते झोतात पेटतात. डुकराच्या डोळ्यांत तो नसतो. डोळे शोधत बसणाऱ्याच्या समोरून डुकरांचा कळप निघून जाऊ शकतो. आणि उलट, गाय, बैल, शेळी, कुत्रं, मांजर यांचेही डोळे तितकेच चमकतात. चमक म्हणजे वन्यप्राणी, हा समज सोडा आणि अंगाच्या रेषेकडे बघा.

रानडुकराचं डोकं खाली, खांदा उंच, मान जवळजवळ नाहीच. कळप एकामागे एक चालतो, पिल्लं मधेमधे. रोही घोड्यासारखा उंच, पाठ खांद्यापासून मागे उतरती, मान लांब. तरसाचीही पाठ उतरती पण उंची फार कमी, आणि चाल लंगडल्यासारखी. बिबट्याचं अंग लांब आणि जमिनीलगत, शेपूट लांब, आणि तो थांबतो तेव्हा पूर्ण थांबतो.

आणि माणूस. कृषिपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच मिळते, त्यामुळे शेजारचा माणूस दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, रात्री एकला उसात असू शकतो. वाकून दारं फोडणारा माणूस मागून, मऊ फोकसमध्ये, ठिपक्याठिपक्यांच्या चित्रात अगदी डुकरासारखा दिसतो. दगड, गोफण, फटाका काहीही फेकण्याआधी हाळी द्या. माणूस उत्तर देईल. शेजाऱ्यांना आपापले रात्रीचे पाण्याचे वार विचारून ठेवा.

सरावासाठी जंगली जनावराची वाट बघायची गरज नाही. घरच्याच माणसाला १०० मीटरवर उभं राहायला, बसायला, वाकायला सांगा. शेजारी कालवड बांधा, कुत्रं सोडा. एकेकाचा आकार आपल्याच दुर्बिणीत बघून घ्या.

चालताना दुर्बीण डोळ्याला नको

दुर्बीण बसून बघायची वस्तू आहे. चालायला बॅटरीच हवी. एका डोळ्याच्या सपाट चित्रात खोली कळत नाही, आणि आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी शेतोशेती आहेत.

थर्मलवर साप दिसेल या भरवशावर तर अजिबात राहू नका. सापाचं अंग जमिनीइतकंच थंड-गरम असतं, तो चित्रात मिसळून जातो. घोणस, मण्यार रात्रीच फिरतात. गमबूट, काठी आणि पायापुढे उजेड, याला पर्याय नाही. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत हलका झटका देणारं यंत्र) लावलं असेल तर त्याच्या तारांना पांढऱ्या पट्ट्या बांधा, म्हणजे दुर्बिणीतही दिसतील. मेनलाइनचा करंट कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत.

बिबट्या दिसला तर माळ्यावरून उतरायचं नाही, जवळ जाऊन व्हिडिओ काढायचा नाही. गावात फोन करा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गौताळा, येडशी, पैनगंगा अशा अभयारण्यांच्या कडेला शेत असेल तर तिथल्या वनरक्षकाचा नंबर हंगामाआधीच घेऊन ठेवा. त्यांच्या हद्दीत दुर्बीण आणि दिवे घेऊन फिरायचं ते त्यांना विचारूनच.

रेकॉर्डिंग

दुर्बिणीत चित्रीकरण होत असेल तर पहिल्याच दिवशी तारीख आणि वेळ नीट लावा. बॅटरी काढल्यावर काही दुर्बिणींत ती पुसली जाते, तेव्हा रोज संध्याकाळी बघून घ्या. रानडुक्कर, रोही, हरणांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनखातं देतं, पण त्यासाठी अर्ज लगेच करावा लागतो आणि पंचनामा दिवसा, उभ्या पिकावर होतो. रात्रीचं चित्रीकरण त्याला जोड म्हणून ठेवा. पहाटे त्याच जागेचे ठसे, उकरलेली माती, मोडलेली ताटं यांचे फोटो मोबाईलने काढा, शेजारी काठी किंवा पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळेल. पंचनामा होईपर्यंत ती जागा वखरू नका.

बॅटरी आणि निगा

इन्फ्रारेड दिवा बॅटरी खातो. बऱ्याच दुर्बिणींत १८६५० आकाराचे लिथियम सेल असतात. एक जोडी आत आणि दुसरी चार्ज करून खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो तेव्हा थंड सेल लवकर मान टाकतो. टाइप-सीने चालणारी असेल तर पॉवर बँक माळ्याला बांधून ठेवा, रात्र निघते. नवे आणि जुने सेल एकत्र घालू नका.

काळ्या मातीची धूळ भिंगाची वैरी. उपरण्याने किंवा शर्टाने पुसलं की बारीक खडे काचेवर घासले जातात. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी गरज असेल तरच चष्म्याचं कापड. दव पडणाऱ्या रात्री भिंगावर पुठ्ठ्याची नळी बसवा, पुढे चार-पाच बोटं राहील अशी. तिने दव बरंच थांबतं आणि बाजूचा उजेडही अडतो. सकाळी गार झालेली दुर्बीण थेट चुलीजवळच्या उबेत नेऊ नका, आत वाफ धरते. पिशवीतच ठेवून हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

उन्हाळ्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा बंद गाडीत राहता कामा नये. हंगाम संपला की सेल बाहेर काढा, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून घरातल्या गार जागी ठेवा, आणि दुर्बीण सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह झाकणाच्या डब्यात. पुढच्या हंगामात काढाल तेव्हा ठिपक्याला ठिपका जुळवून डायऑप्टर लावा, पण अक्षरं परत एकदा बघा. वर्षभरात डोळ्याचा नंबर बदललेला असू शकतो.